ओ'हेहिरबाईंचं पत्र

फिंटन : बिस्किट घ्या ना. उमेदवारांनी बिस्किट घेतलं तर नोकरी जाते असं काही नाही. माझ्या मुलाखतीला मी दोन खाल्ली होती, आणि बघा, अजून दूध संघाच्या मानगुटीवर बसलोय.

डोनाल : नको, थँक्यू. आधी एवढं संपवतो.

फिंटन : बरं. पण मला समजेल असं सांगत सांगत करा. माणसं नेमणं हे माझं काम. कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर तो चालू कुठून होतो एवढंच. ही ब्रीडा मात्र त्यातली वरची. तिच्या हाताखाली काम करायचंय तुम्हाला, तेव्हा खरी परीक्षा तीच घेणार.

ब्रीडा : काम सोपं आहे, मिस्टर टूही. एक पत्र आहे, एक आडनावांची यादी आहे. गुरांची तपासणी आली की शेतकऱ्यांना अशीच पत्रं जातात आपल्याकडून. प्रत्येकाच्या नावाने एक पत्र तयार झालं पाहिजे.

डोनाल : हो. म्हणजे यादीतून एकेक आडनाव उचलायचं आणि पत्रात मोकळी जागा आहे तिथे बसवायचं. त्यासाठी मी एक डबी करतो. व्हेरिएबल म्हणतात तिला. डबीत एका वेळी एक आडनाव. डबीच्या नावाआधी डॉलरचं चिन्ह लावलं की शेल, म्हणजे आपण हुकूम टाइप करतो तो प्रोग्राम, ती डबी उघडतो आणि आतलं नाव बाहेर काढतो.

फिंटन : इथपर्यंत माझ्या बायकोलाही समजेल. म्हणजे तिला समजेलच, मला समजलं हे विशेष.

डोनाल : पण ती डबी एकेरी अवतरणात लिहिली तर शेल तिला हात लावत नाही. एकेरी अवतरण म्हणजे कुलूप. जसं लिहिलंय तसं राहू दे, असा अर्थ. दुहेरीत लिहिली तर उघडतो.

फिंटन : अच्छा, म्हणून. मला एकदा पत्र आलं होतं, ‘प्रिय डॉलर नाव’. बायकोने फ्रिजवर लावलं. अजून घरी मला डॉलर म्हणतात.

डोनाल : कुणीतरी एकेरीत लिहिलं असणार.

ब्रीडा : यादी वाचा, मिस्टर टूही. मोठ्याने.

डोनाल : हॅलोरन. मॅकइनर्नी. कलिगन. ओ'हेहिर. नी व्ह्रियन.

ब्रीडा : आता लिहा.

डोनाल : लिहिलं. मजकुरात नावं बसवायची सेड आणि ऑक अशी दोन हत्यारं आहेत; सेडने करता आलं असतं, पण मी ऑक वापरलंय. डबीतलं नाव बाहेरून, दुहेरी अवतरणात आत पाठवलं, आणि ऑकचा स्वतःचा मजकूर एकेरीत ठेवला. म्हणजे दोघांची सरमिसळ होत नाही. चालवू?

ब्रीडा : थांबा. हे असंच का केलंत?

डोनाल : या यादीत ओ'हेहिर आहे म्हणून. आणि नी व्ह्रियन. मधे मोकळी जागा असलेलं नाव अवतरणाशिवाय सोडलं तर शेल त्याचे दोन तुकडे करतो. आणि ओ'हेहिरचं जास्त वाईट.

ब्रीडा : कसं?

डोनाल : पुष्कळ लोक काय करतात, सगळा हुकूम एका वाक्यात गुंडाळून दुसऱ्या शेलच्या हाती देतात. आत एकेरी अवतरणं, त्यात आडनाव आधीच भरलेलं. हॅलोरनला काही होत नाही. पण ओ'हेहिरच्या नावात ते वरचं छोटं चिन्ह आहे ना, तेच एकेरी अवतरणाचंही चिन्ह, म्हणून त्या शेलला वाटतं, इथे अवतरण मिटलं. वाक्य नावाच्या मधेच तुटतं. शेवटचं अवतरण मग उघडंच राहतं.

फिंटन : आणि पत्र?

डोनाल : तयारच होत नाही.

फिंटन : सगळं ठप्प?

डोनाल : नाही. तेच तर. पुढच्या नावावर जातो. कलिगनला पत्र, ओ'हेहिरला नाही, नी व्ह्रियनला... पुढे चालू.

ब्रीडा : तक्रार करत नाही तो?

डोनाल : करतो. एक ओळ येते चुकीची. पण रोजच्या कामात अशा ओळी डोळ्यांत खुपतात, म्हणून लोक त्या... सोडून देतात. एक खड्डा असतो त्यासाठी. त्यात टाकलेलं कुणाला दिसत नाही.

ब्रीडा : चालवा आता.

डोनाल : झालं. सगळ्यांची पत्रं आहेत. हे ओ'हेहिरचं.

फिंटन : ‘प्रिय ओ'हेहिर.’ टिंबटिकलीसकट. वा. ब्रीडा, अजून काय पाहिजे तुला? सकाळपासूनचे बाकीचे दोघं इथेच गळाले. मला तर वाटतं... ब्रीडा? बरं वाटत नाहीये का?

ब्रीडा : ठीक आहे मी. मिस्टर टूही, हे कुठे शिकलात?

डोनाल : काम करता करता. लिमरिकला होतो मी आधी, पत्रं छापून देणाऱ्या कंपनीत. अर्जात आहे ते.

ब्रीडा : माहितीये. कुणाची पत्रं?

डोनाल : सगळ्यांचीच. विमा, शाळा, दवाखाने.

ब्रीडा : डोळ्यांचा दवाखाना?

डोनाल : तोही होता.

ब्रीडा : मधुमेहाच्या रोग्यांना दरवर्षी डोळे तपासायला बोलावतात, ती पत्रं.

डोनाल : हो.

ब्रीडा : तो प्रोग्राम कुणी लिहिला होता?

फिंटन : ब्रीडा, हे जरा विषय सोडून...

ब्रीडा : फिंटन, तू बिस्किट खा. कुणी लिहिला होता?

डोनाल : मी.

ब्रीडा : त्यात ओ'हेहिरचं पत्र गळत होतं.

डोनाल : ...सुरुवातीला. हो. तिथेच समजलं मला हे सगळं. दुरुस्त केलं मी ते.

ब्रीडा : कधी?

डोनाल : लक्षात आल्यावर लगेच. त्याच दिवशी. त्यानंतर एकही पत्र गळालं नाही, हे मी छातीठोक सांगतो.

ब्रीडा : आणि त्याआधी गळालेली?

डोनाल : म्हणजे?

ब्रीडा : सरळ प्रश्न नाही कळत का तुला? साधं विचारतेय. ज्यांची पत्रं गेली नव्हती, त्यांना नंतर पाठवलीस का?

फिंटन : एकदम ‘तू’वर आलीस, ब्रीडा.

ब्रीडा : येणारच होते. पाठवलीस का, डोनाल?

डोनाल : नाही.

ब्रीडा : का?

डोनाल : उशीर झाला होता. तारखा उलटून गेल्या होत्या. आणि पाठवली असती तर दवाखान्याने विचारलं असतं, आता का. मग सगळंच बाहेर आलं असतं.

ब्रीडा : साहेबांनी दाबलं?

डोनाल : नाही. साहेबांना माहीतच नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नाही. नुकतंच कायम केलं होतं मला. एक चिन्ह इकडचं तिकडे केलं आणि... गप्प बसलो.

ब्रीडा : बरं झालं, दुसऱ्याचं नाव नाही घेतलंस. नाहीतर मला अजून एक माणूस शोधावा लागला असता.

फिंटन : मला कुणी सांगेल का इथे काय चाललंय?

ब्रीडा : सांगते. कॉन्सिडाइन हे माझं सासरचं नाव. माहेरची मी ओ'हेहिर. आईला साखर आहे. तिला दरवर्षी ते पत्र यायचं, ती जायची, डॉक्टर डोळ्यात थेंब घालायचे, ही परत येताना केक खायची. मग पत्र यायचं बंद झालं. दवाखान्यात विचारलं, तर त्यांच्या यादीत ‘पाठवलं’ अशी खूण. कारण यादीत नाव आलं की खूण व्हायची, पत्र निघालं की नाही ते कुणी बघत नव्हतं. बरोबर ना, डोनाल?

डोनाल : बरोबर.

ब्रीडा : पुढच्या वर्षी पुन्हा पत्र नाही, पुन्हा ‘पाठवलं’. आई सगळं घर उलथंपालथं करायची. कपाटामागे हात घालून बघायची. आपणच पत्र हरवलं, आपलं डोकं गेलं, असं वाटायला लागलं तिला. मग तिने विचारणंच सोडलं. आणि एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं. उजवा त्यानंतर गेला. आत रक्त साकळलं होतं. वेळेवर लेझर मारलं असतं तर नजर राहिली असती, असं डॉक्टर माझ्या तोंडावर म्हणाले. आणि वर म्हणाले, बोलावलं तेव्हा का नाही आलात.

फिंटन : असम्प्टाबाई. फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायच्या त्या. ब्रीडा, मला वाटलं होतं वयाने गेले डोळे.

ब्रीडा : सगळ्यांना तसंच वाटतं. गाडी चालवायची आणि पुस्तकं वाचायची, दोनच गोष्टी केल्या तिने जन्मभर. तुझ्या त्या एका चिन्हाने दोन्ही गेल्या.

डोनाल : तुम्हाला कसं कळलं, मी ते...

ब्रीडा : किलरशला एका लग्नात तुझ्या कंपनीतली एक मुलगी भेटली. दोन ग्लास झाल्यावर हसत हसत सांगत होती, आमच्याकडे म्हणे सगळे ओ-वाले गायब व्हायचे, डोनाल टूहीने गुपचूप निस्तरलं. हसत होती ती. मीही हसले. त्या दिवसापासून तुझं नाव उशाशी घेऊन झोपलेय मी.

फिंटन : आणि ही जागा? ही जाहिरात?

ब्रीडा : माणूस हवाच होता आपल्याला. पण मजकूर मी याच्या मापाने बेतला. लिमरिकची कंपनी बुडाली, हा मोकळा झाला, हे मला माहीत होतं.

फिंटन : मला न सांगता. ही मुलाखत आहे, ब्रीडा, कोर्ट नाही. उद्या याने तक्रार केली तर तुझी खुर्ची जाईल, माझीही.

ब्रीडा : तर जाऊ दे. मला वाटलं होतं हा पुन्हा तसंच लिहील. ओ'हेहिरचं पत्र निघणार नाही. मग मी विचारणार होते, एक पत्र कमी का? आणि हा शोधत बसला असता, तुझ्यासमोर, घाम पुसत. मग मी सांगणार होते. गावात एकही दार याला उघडणार नाही इतकं सांगणार होते. आणि हा बघ काय करतो. एकदम अचूक. अवतरणं कशी जागच्या जागी. मला तर क्षणभर वाटलं, चुकीच्या माणसाला बोलावलं. पण मग कळलं, इतकं नीट यायला लागलं ते आमच्या डोळ्यांवर शिकून.

डोनाल : मी जातो.

ब्रीडा : बस.

डोनाल : काय हवंय तुम्हाला? माफी मागितली तर ती तुमच्या काय कामाची.

ब्रीडा : काहीच नाही. एक सांग. चुकीच्या ओळी खड्ड्यातून काढल्यावर तू नावं बघितली असशील ना?

डोनाल : बघितली.

ब्रीडा : ओ'हेहिर?

डोनाल : होतं. आज यादीत दिसलं तेव्हा मला वाटलं, असेल दुसरं कुणी. इकडे नाव काही दुर्मीळ नाही.

ब्रीडा : आठवणीत होतं, म्हणजे.

डोनाल : सगळीच आहेत. त्यातलं एखादं दुकानाच्या पाटीवर दिसलं तरी मी रस्ता ओलांडतो.

ब्रीडा : चल मग. आई खाली गाडीत बसलीय.

फिंटन : ब्रीडा, नको. म्हातारीला कशाला.

ब्रीडा : म्हातारीला आजवर कुणीच काही सांगितलं नाही, फिंटन. मीही नाही. हा सांगेल. जे आत्ता आपल्याला सांगितलं तेच, तेवढंच. आणि ती मग याला काय म्हणायचं ते म्हणेल. मला ते ऐकायचंय. एवढंच हवंय मला.

(खाली, दूध संघाच्या आवारात. गाडीची काच उतरवलेली. डोनालचं सांगून झालं आहे.)

असम्प्टा : केस कापायला नेते म्हणून आणलं हिने मला. मघापासून गाडीत डांबून ठेवलंय. मला वाटलंच होतं, हिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

ब्रीडा : आई, ऐकलंस ना त्याने काय सांगितलं?

असम्प्टा : डोळे गेलेत, कान नाही. कुठले टूही तुम्ही?

डोनाल : फीकलचे.

असम्प्टा : फीकल. शाळेसमोर उभी करायचे मी गाडी. बुधवारी. तुमच्यातली एक बाई रहस्यकथा न्यायची, शेवटचं पान आधी वाचायची.

डोनाल : आत्या माझी.

असम्प्टा : असेल. म्हणजे क्रिस्टी खोटं बोलत नव्हता.

ब्रीडा : कोण क्रिस्टी?

असम्प्टा : आपला पोस्टमन. मी त्याला म्हटलं, माझी पत्रं तूच फेकतोस. दारू पितोस आणि पिशवी ओढ्यात टाकतोस. दुकानात म्हटलं, सगळ्यांच्या देखत. तो बिचारा म्हणाला, बाई, आलंच नाही तर देऊ कुठून? मी म्हटलं, चोर. त्यानंतर त्याने फाटकाच्या आत पाऊल नाही टाकलं. पत्रं भिंतीवर दगडाखाली ठेवून जायचा. गेला तेव्हा मी मयतालाही नाही गेले.

डोनाल : बाई, मला...

असम्प्टा : थांबा जरा. मी तुमच्याशी नाही बोलत, क्रिस्टीशी बोलतेय.

ब्रीडा : आई. हा माणूस समोर उभा आहे. किती दिवस मी वाट बघितली याची. बोल ना त्याला. तुझ्या तोंडाला सगळा जिल्हा घाबरायचा. बोल.

असम्प्टा : काय बोलू?

ब्रीडा : जे येईल ते.

असम्प्टा : आलंय तोंडात. पुष्कळ आलंय. पण मी शिव्या दिल्या की हा मान खाली घालून ऐकेल, डोळे पुसेल आणि हलका होऊन फीकलला जाईल. रात्री झोपेल. मला नाही याला हलका करायचा.

डोनाल : मी तसं काही...

असम्प्टा : तुम्ही तसे आहात की नाही ते मला माहीत नाही. माणूस असाच असतो. मीही तशीच आहे. टूही, मी एकटीच होते का?

डोनाल : नाही.

असम्प्टा : नावं आठवतात?

डोनाल : आठवतात.

असम्प्टा : सांगा.

डोनाल : ओ'लॉग्लिन.

असम्प्टा : कोणती? आपल्याकडे ढीगभर आहेत.

डोनाल : नोरीन. कोरोफिनची.

असम्प्टा : नोरीनचे डोळे चांगले आहेत. तिला काही झालं नाही. ती तुम्हाला आत बोलवेल, चहा देईल, म्हणेल, होतं असं, पोरा. ते शिव्यांपेक्षा जड जाईल तुम्हाला. अजून?

डोनाल : ओ'ग्रेडी, मार्टिन. ओ'ड्वायर, आयलीन.

असम्प्टा : आयलीन गेली, पण डोळ्यांनी नाही. मुलगा असतो घरी. त्याला सांगायचं. मार्टिन कुठला ते शोधावं लागेल. अजून?

डोनाल : ओ'डे. टेडी. क्विल्टीचा.

असम्प्टा : टेडी.

ब्रीडा : होडीवाला टेडी?

असम्प्टा : हो. त्याचा एक पूर्ण गेला, दुसऱ्याने सावल्या दिसतात म्हणे. सगळे म्हणाले, पिऊन पिऊन घालवले. मीही म्हटलं. बायकोनेही म्हटलं, आणि त्याच बोलण्यावर सोडून गेली त्याला. तो शपथा घ्यायचा की मला कुणी बोलावलंच नाही तपासायला. हसायचे लोक.

डोनाल : मला माहीत नव्हतं.

असम्प्टा : माहीत करून घ्यायला गेला नाहीत, म्हणून नव्हतं. टेडी माझ्यासारखा नाही. त्याचा हात सुटतो. अजूनही सुटतो, दिसत नसलं तरी.

ब्रीडा : आई, तू याला तिथे पाठवणार आहेस?

असम्प्टा : पाठवणार नाही. घेऊन जाणार. मी शेजारी बसेन. टेडीला सांगताना हा अडखळला तर पुढचं मी सांगेन. मग तिथून दुसऱ्याकडे, मग नोरीनकडे. प्रत्येकाला याच्याच तोंडून. कुणी तक्रार करायची ठरवली, वकील केला, तर हा तिथेही उभा राहील आणि आज बोलला तेच बोलेल. राहणार ना, टूही?

डोनाल : ...राहीन.

असम्प्टा : आणि मग क्रिस्टीच्या बायकोकडे. तिथे तुम्ही गाडीत बसायचं. तिथे मी बोलायचंय.

ब्रीडा : मला वाटलं होतं तू त्याला फाडून खाशील.

असम्प्टा : खातेय की. सावकाश. ब्रीडा, गाडी काढ. टूही, पुढे बसा, मला मागे पाय लांब करता येतात.

डोनाल : आत्ता लगेच? टेडी घरी असतील का?

असम्प्टा : असतो तो घरी. आता कुठे जाणार आहे तो.